मुंग्यांची साक्ष

माझा नंबर शून्य-चार-एक-सात.
कागदावर नाव नाही, तसं ठरलंय.
तरी रेश्मा मुलाणी दार उघडताना
"या, खिलारे काका" म्हणते
आणि जीभ चावते.

संमतीपत्र सोळा पानी, मराठीत;
कुठल्या गावची मराठी, देव जाणे.
"सहभागी व्यक्ती कधीही, कारण न देता, माघार घेऊ शकते."
एवढं एक वाक्य सरळ होतं.
असं लिहून दिलं नव्हतं मला आजवर कुणी,
नोकरीत नाही, लग्नात तर नाहीच.

दापोडीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं
एसटीचे डिझेल पंप उघडले.
थकलेला पंप आधी आवाजात कळतो.
नगरकर डॉक्टरांनी पडद्यावर माझा दाखवला:
राखाडी, ओला, फडफडणारा.
"तीस टक्के," म्हणाले.
म्हटलं, तीस टक्क्यांचा पंप
आम्ही स्वारगेटपर्यंतसुद्धा सोडला नसता.
ते हसले. मग थांबले.

औषध मूळचं साखरेवाल्यांचं.
मला साखर नाही. चहात दोन चमचे, उघड उघड.
पण त्यांना देता देता कुणाच्या तरी ध्यानात आलं
की पायांची सूज उतरतेय,
माणसं पुन्हा जिने चढताहेत.
साखर हाकलायला धाडलेला गडी
छातीतलंही काम उरकून आला.
कसं, ते अजून पुरतं कळलेलं नाही, नगरकर म्हणाले.
तिथेच मी सही केली.

गोळी रोज एक, पिवळी.
खरी की नुसता खडू,
मला ठाऊक नाही, रेश्माला नाही, डॉक्टरांनाही नाही.
माझ्या शेजारच्या खुर्चीवर तळेगावचे निवृत्ती काळोखे.
म्हटलं, अहो, ही चाचणी तुमच्या आडनावातच आहे.
खोकत खोकत हसले.

शेवंतानं मात्र एकच गोष्ट पकडली:
"खरी असली तर साखर लघवीवाटे जाते ना?
मग मुंग्या येतील."
तिच्या वडिलांचा मधुमेह
गोठ्यामागे मुंग्यांनीच शोधला होता.
त्या दिवसापासून फिनेल बंद.
पहाटे मी वजनकाट्यावर,
ती बॅटरी घेऊन मोरीत.

एकोणीस दिवस काही नाही.
विसाव्या दिवशी तिनं हाक मारली:
भिंतीच्या कडेनं बारीक तांबडी रांग,
घाईत, जणू कुणाचं तरी आमंत्रण होतं.
आम्ही दोघं दारात उभे,
चहा जळेपर्यंत.

पुढच्या खेपेला काळोख्यांना सांगितलं.
सांगायला नको होतं.
"आमच्याकडं नाही येत," ते म्हणाले,
आणि डबी पिशवीत खाली, अगदी खाली सरकवली.

मग एका रात्री उठलो,
दिवा लावला, चष्मा होता डोळ्यांवर.
मोरीच्या उंबऱ्याशी
साखरेचे सात-आठ दाणे. जाड, रेशनचे,
ओळीनं.
आत आलो. शेवंता भिंतीकडे तोंड करून झोपलेली,
श्वास जरा जास्तच सारखा.
मी काही विचारलं नाही.
सकाळी काटा म्हणाला एकोणसत्तर दोनशे.
दापोडी स्टेशनचा पूल एका दमात चढलो.
याचं काय करायचं, सांगा.

शेवटच्या फॉर्मवर प्रश्न होता:
तुम्हाला कोणती गोळी मिळाली असं वाटतं?
खरी. खोटी. सांगता येत नाही.
तिसऱ्या चौकोनात खूण केली,
वर्कशॉपात मापावर करायचो तशी, ठसठशीत.

बाहेर काळोखे वहिनी एकट्या बसल्या होत्या.
त्यांना आत मशीनखाली घेतलेलं.
मी शेजारी बसलो. हवापाणी झालं, लोणावळा गाडीचं झालं.
मग हळूच विचारलं,
"वहिनी, घरात साखर असते ना?"