पाखडण

झिरो माइलच्या खांबावर
कवठा आहे, चांदा आहे, छिंदवाडा, बैतूल आहे.
समुद्र नाही.
तो आमच्याकडे ट्रकनं आला,
गोव्याहून, थंड डब्यात,
उभ्या चिरलेल्या पीव्हीसीच्या नळ्यांमधून
सहा मीटर राखाडी चिखल.
उतरवणारा पोरगा म्हणाला,
"काहून, नागपुरात माती नाही भेटली काय?"

माझं काम चमच्याचं.
दर दोन सेंटिमीटरला एक काप,
काप म्हणजे साधारण शंभर वर्षं,
काप म्हणजे एक डबी, डबीवर माझं अक्षर.
मग टेंभुर्णे काका तो चाळणीवर धुतात.
मे महिना. घरी नळ एक दिवसाआड
आणि इथं शतकामागून शतकाला
डिस्टिल्ड पाण्याची आंघोळ.

चाळणीवर उरतात ते शंख,
खसखशीहून लहान, लाह्यांसारखे फुगीर.
ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलायचा, श्वास धरून.
खाली वाहून जातो तो गाळ.
मला तो टाकाऊ वाटायचा.
नगराळे मॅडम म्हणाल्या, अगं तोच जप,
प्रवाह त्यात आहे.

मॅडमनी फळ्यावर बाण काढले.
काकांना बाण कळेनात.
मग त्यांनीच हात पुढे केले,
नसलेलं सूप धरलं, मनगट झटकलं:
"भंडाऱ्याले माय धान पाखडे.
वारा असला का कोंडा उडून जाये, खाली निरा दाना.
वारा पडला का कोंडा-दाना सारं तिथंच.
सकाळी आंगन पाहून सांगता ये,
काल वारा कसा होता."
मॅडम गप्प. मग फळा पुसला.
हल्ली शिकवताना त्याही हात तसेच धरतात.

एकशे बेचाळीसपाशी कण बारीक झाले.
चव्वेचाळीस. शेहेचाळीस. अजून बारीक.
मशीनवरची रेघ खाली जाऊन तिथंच राहिली,
थेट अठ्ठावन्नपर्यंत.
सोळा सेंटिमीटर. आठशे वर्षं.
कडा पक्क्या धरू नको, मॅडम म्हणाल्या,
तळाशी किडे असतात, ते वर्षं वरखाली करतात.

त्याच दुपारी लाइन गेली.
शेहेचाळीस डिग्री. कुलर घरघरला, थांबला,
वाळ्यावरून शेवटचं पाणी टपटपलं.
शीतगृहाच्या दाराला ओली पोती लावून
आम्ही तिघं बसून राहिलो.
आणि कुलर सकाळपासून घेऊन फिरत होता ती धूळ
खिडकीच्या उन्हातून खाली यायला लागली,
काळ्या ट्रेवर,
काकांच्या टोपीवर,
माझ्या हातावर.
पिठासारखी. घाई नसलेली.
कोणीच काही बोललं नाही.

लाइन आली. काकांनी ट्रे पुसायला फडकं घेतलं.
म्हटलं, थांबा जरा.

तीनशे दहाच्या खाली मात्र एक रेघ आहे,
पेन्सिलीनं मारावी तशी.
रेघेच्या वर एक काळ, खाली भलताच;
मधली दोन हजार वर्षं नाहीत.
माझ्या हातून काही सांडलं का?
नाही, मॅडम म्हणाल्या,
तिथं प्रवाह इतका जोरात होता
की ठेवलं तर काहीच नाही,
होतं तेही घेऊन गेला.

घरी जाताना फुटाळ्यावर थोडी थांबले.
पाणी एकाच जागी चमकत होतं.

दुसऱ्या दिवशी एक डबी घेतली,
तीनशे दहाचा आकडा घातला, पुढे एक फुली,
आणि झाकण लावलं.
"रिकामीच काहून?" काकांनी विचारलं.
मला नीट सांगता येईना.
त्यांनी ती कानाशी धरून हलवली,
नारळात पाणी आहे का पाहतात तशी,
आणि रांगेत
तिच्या जागी ठेवली.