निवळू द्या

शेण पाण्यात कालवा. गाळा. थांबा.
वरचं पाणी ओता, पुन्हा भरा, पुन्हा थांबा.
एवढंच शिकवते मी गेली एकोणीस वर्षं
कुर्टीच्या या प्रयोगशाळेत,
जिथे खिडकीला काजू टेकलेला आहे
आणि मार्चमध्ये बोंडांचा वास
फॉर्मलीनला पुरून उरतो.

थांबणं मात्र कुणाला जमत नाही.
मेल्विन घड्याळ बघतो.
शर्वाणी गावस नाकाला रुमाल लावून
नेमका गाळच ढवळते.
निवळू द्या, म्हणते मी,
जड असतं ते आपणहून खाली बसतं.

मग निळ्या रंगाचा एक थेंब. भिंगाखाली
सगळा चोथा निळा,
आणि ते अंडं तेवढं सोनेरी,
एका टोकाला इवलं झाकण,
म्हापशाच्या सोनारानं बसवावं तसं.
"किती सुंदर आहे!" शर्वाणीचा रुमाल खाली येतो.
दरवर्षी कुणीतरी हे म्हणतंच
आणि मग लाजतं.

फळ्यावर चक्र काढते: अंडं, पाणी,
मेरेवरची गोगलगाय, गवताचं पातं, म्हैस, पुन्हा अंडं.
गोगलगाय मला कधीच जमली नाही, जिलबी होते.
मेल्विन विचारतो, "म्हशीला यजमान का म्हणायचं, मॅडम?
तिनं कुठे आमंत्रण दिलंय?"
वर्ग हसतो.
परीक्षेत हाच शब्द लिहा, एवढंच सांगता येतं मला.

शनिवारी सत्तरीत, बिरो झोरेच्या गोठ्यावर.
त्याच्या म्हशीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते,
ते सोनं तिचंच.
फोनमधला फोटो तो बराच वेळ बघतो.
"किती दिस जेवतायत ही हितं?"
"वर्षभर तरी."
"आनि मी म्हनतोय, हिच्या अंगाला वैरण लागत का नाय."

डोस पाजला. सांगितलं, आठवडाभर दूध
डेअरीला नाही, घरातही नाही.
त्यानं बोटांवर काही मोजलं,
काय, ते बोलला नाही.

तीन दिवसांनी पुन्हा गेलो
तर त्याच्या बायकोनं चहा आणला,
काळा, गुळाचा, सात जणांना सात कप,
दोघांचे कान तुटलेले.
"दूध नाय घातलं," बिरो ओशाळून म्हणाला,
"तुम्हीच सांगून गेलात."

मेल्विननं माझ्याकडे बघितलं.
मी कपात.

तेवढ्यात मागे म्हशीनं शेण टाकलं,
आणि शर्वाणी चहा तसाच ठेवून
बाटली घेऊन धावली,
रुमाल माझ्याशेजारी, बाकड्यावर.