आठ रकाने

सेतू केंद्रातून माहितीपुस्तिका छापून आणली,
पान दोन रुपये, बत्तीस पानं,
शेवटची सहा फिकट. नेमका तिथेच
न्यूक्लिअर इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम.
खिडकीशी तिरपा धरून वाचला.

बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर, मागची कोरी बाजू.
पट्टी सापडली नाही म्हणून
तुराटीच्या काडीने आखले आठ रकाने,
आठ सेमिस्टर, जरा वाकडे.

भौतिकशास्त्र पेन्सिलने, इंजिनिअरिंग निळ्या पेनने.
थर्मोडायनॅमिक्स दोन्हीकडे चालतं म्हणे,
एकदा शिकायचं, दोनदा मोजायचं.
मी एकटीच हसले.
पाचव्या रकान्यात मात्र दाटी:
क्वांटम, न्यूट्रॉनचा प्रवास, प्रयोगशाळा दोन,
सव्वीस क्रेडिट.
खोडून खोडून कागद तिथे पातळ झालाय.

बाबा खांबावरून घरी आले,
कमरेचा पट्टा खुंटीला, हातांना ग्रीसचा वास.
उभ्यानेच वाचलं.
"दोन-दोन कायले वं?
एका खांबावर दोन लाइनी टाकल्या
तं मधातलं अंतर सांभाळा लागते."
म्हटलं, अणू का फुटतो ते एकात आहे बाबा.
फुटला तर भिंत किती जाड हवी, ते दुसऱ्यात.
बराच वेळ पाणी पीत राहिले.
"मंग भिंतीचं पयले शिक."

आत्याने दारातूनच विचारलं,
"बारूद शिकते का पोट्टी?"

रात्री डीपीवर फ्यूज गेला.
बाबा टॉर्च घेऊन निघाले,
मी अंधारात बोटाने रकाने मोजत बसले.
वणीकडे कोळशाच्या ट्रकांची रांग,
त्यापलीकडे चिमणीवरचा लाल दिवा,
त्याला कधी लोडशेडिंग नसतं.
मग शिवारात एक मोटार घुरघुरली, दुसरी, शेंद्र्यांची तिसरी,
आणि घरात बल्ब.
तेवढ्यात ठरलं: एक प्रयोगशाळा सहाव्यात.

कॅलेंडर बाबांनीच खिळ्याला लावलं,
कपाशीचं बोंड भिंतीकडे, रकाने बाहेर.
आईची कुरकुर,
"आता चतुर्थी कधी, कसं कयन मले?"

सकाळी पाहिलं, आठव्या रकान्यात,
जिथे प्रकल्प लिहायचाय आणि मला अजून
काहीच सुचलेलं नाही,
तिचं बारीक अक्षर:
शेंद्रे, दीड लिटर.
गुरुजी, अर्धा.
काल नागा.