हवेचा धंदा

नवले पुलाखाली माझं टायरचं दुकान.
दिवसभर हवा भरतो,
स्कूटरला पुढे बावीस, मागे तीस,
ट्रकवाल्याला विचारून.
चाकाला पाच रुपये. ओळखीचा निघाला तर तेही नाही.

घरी, धायरीत, दुसऱ्या मजल्यावर
एक धाकटा कॉम्प्रेसर आहे.
पांढरा, जेवणाच्या डब्याएवढा.
आणला त्या रात्री मी आधी त्याचे स्क्रूच काढायला बसलो.
सुनंदानं पाना हातातून घेतला:
"हे दुकान नाही."

कृतिकाला सातवं लागलंय.
रात्री पावणेतीनला तिची छाती शिट्टी वाजवते.
व्हॉल्व्ह गळायला लागला की येतो तो आवाज.
मी कुणाला बोललो नाही हे.
गळका व्हॉल्व्ह मी थुंकी लावून शोधतो,
बुडबुडा आला की बोट ठेवतो, हा बघ इथं.
लेकराच्या छातीवर बोट कुठं ठेवू?

हात धुतो. दोनदा धुतो.
नखातलं ग्रीस निघत नाही,
म्हणून औषध सुनंदा घालते:
मुंडी पिळून तोडायची ती इवली कुपी,
थोडं खारं पाणी, डॉक्टर भडसावळे बाईंनी लिहिलंय तेवढंच.
"कप उभा धर. उभा."
मी बटण दाबतो.
घर्रर्र.
शेजारच्या भिंतीनं आता तक्रार करणं सोडलंय.

मांडीवर ताठ बसवतो तिला.
माशाच्या तोंडाचा मास्क, गालांना घट्ट.
फट राहिली तर औषध
तिच्या डोळ्यांना, पंख्याला, मला.
मी वाफ म्हणायचो. वाफ नाही ही, गार असते.
"बाबा, घाट आला," ती आतून म्हणते,
डिसेंबरात एसटीतून पाहिलेलं कात्रजचं धुकं.
"हो. बोगदा यायचाय अजून. बोलू नको, श्वास घे."

दहा मिनिटं.
मग कप फुरफुरतो. टिचकी मारायची.
पुन्हा नुसताच फुरफुरला की संपलं.
चूळ भरायला लावायची. झोपेत असते, रडते.
लावायचीच.

आता झोपावं असं वाटतं.
दिवाळीत एकदा तसेच झोपलो,
सकाळी फलटणची गाडी होती, कप तसाच राहिला दोन दिवस.
परत आलो, तोच कप, नवं औषध.
चौथ्या दिवशी ताप.
भडसावळे बाई रागावल्या नाहीत.
कप ट्यूबलाइटसमोर धरला, मला विचारलं,
"ह्यात तुम्ही पाणी प्याल?"

तेव्हापासून तीन वाजता मोरीत मी.
कोमट पाणी, साबणाचा थेंब, खळखळ.
पुसायचं नाही, फडक्याचे धागे राहतात.
नळीला पाणी लावायचं नाही,
मशीन रिकामंच चालवून तिच्यातला ओलावा उडवायचा.
ही एक गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही.
रविवारी व्हिनेगर. घराला चायनीजच्या गाडीचा वास.

वरचे तांबोळी चाचा मशीन मागायला आले, नातवासाठी.
सुनंदा दारात म्हणाली, मशीन न्या, मास्क-कप नाही देणार.
मी मान खाली घातली. वस्तू काय अर्धी देतात?
चाचांनी पिशवी उघडली.
नवा मास्क, नवा कप, डॉक्टरांची चिठ्ठी.

फिल्टर नखाएवढा असतो.
पांढरा बसवला होता.
दीड महिन्यानं काढला तर पुलाच्या खांबाचा रंग.
तो खिशात टाकून दुकानात नेला,
का नेला ते माहीत नाही.
दुपारी मोठ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर उघडला,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
टाकीचा कॉक सोडला. तांबडं पाणी निघत राहिलं, निघत राहिलं.
इनोव्हावाला हॉर्न देत होता.
म्हटलं, थांबा जरा.

रात्री अंघोळ करून मगच तिला उचललं.
ओट्यावर स्वच्छ पंचावर मासा पालथा पडला होता.
"त्याला उताणा ठेव," ती म्हणाली,
"त्याला पण श्वास लागतो."
मी सांगणार होतो, पाणी निथळावं म्हणून पालथा आहे.
मग उताणा ठेवला.
ती झोपल्यावर परत पालथा केला.