कोड नऊ

एका फॉर्मचे बावीस रुपये.
अर्धवट फॉर्मचे काहीच नाहीत.
म्हणून दांडिया बाजारच्या जिन्यांवर
मी घाईत असते, आणि आवाज मात्र सावकाश.

सहावा प्रश्न : उन्हाळ्यात तुमच्याकडे
पाणी किती दिवस कमी दाबानं आलं?
लोक बोटं मोडून मोजतात, मोजता मोजता चिडतात,
आणि त्या चिडलेल्या तोंडासमोर मी सातवा धरते :
बाहेरून येणाऱ्या लोकांवर शहरात निर्बंध असावेत का?
पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत.
शिवाय एक नऊ आहे, सांगता येत नाही.
तो वाचून दाखवायचा नाही,
ट्रेनिंगमध्ये दोनदा बजावलं होतं.
वाचला की सगळे तोच घेतात.

वर्षाबेन जाळीच्या दाराआडून म्हणाल्या,
ना रे, बिचारे पोटासाठी येतात.
मोरीत त्यांची दाहोदची बाई भांडी घासत होती,
तिचा हात जरा थांबला.
तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.
वर्षाबेननी पदर सारखा केला :
बधा जे लखावे ए लखी नाख ने, बेन.
मी एक नंबर दाबला.
कुठला, ते आता आठवत नाही.

आबासाहेब खानविलकरांनी चहा दिला.
निर्बंध हवेतच, म्हणाले, हे सगळे परके.
आणि तुमचे पूर्वज?
आमचे घोड्यावरून आले, म्हणाले, तेव्हा फॉर्म नव्हते.
स्वतःच हसले, मग हसायचे थांबले,
आणि कितीतरी वेळ बशीतला चहा फुंकत राहिले.
थंड झाला होता तो कधीच.
स्क्रीनवर : पूर्ण सहमत.
फुंकण्यासाठी चौकट नाही.

मकरपुऱ्यात दुपारी दोनला
खोल्यांना बाहेरून कुलपं.
ज्यांच्याबद्दल विचारायचं ते सगळे पाळीवर.
एकजण सापडला, पाणीपुरीचा पीठगोळा मळणारा,
भिंडचा, सोळा वर्षांपूर्वी आलेला.
रोका पाहिजे, म्हणाला, हे आत्ता जे येतायत त्यांना.
आत्ता म्हणजे कधीपासून?
त्यानं पिठाचे हात झटकले :
माझ्यानंतर.

विश्वामित्रीच्या पुलावर जरा टेकले.
खाली गाळात दोन मगरी, उन्हाला तोंड उघडून.
गेल्या हिवाळ्यात मोजणीवाल्या पोरांबरोबर
एक दिवस हेही काम केलं होतं :
काठावर आलेल्या तेवढ्या मोजायच्या,
बुडालेल्यांसाठी काहीतरी धरायचं.
ती पोरं निदान म्हणत होती की धरलंय.

संध्याकाळी पराशर सरांचा फोन.
कोट्यात एक कमी पडतेय :
स्त्री, तीस ते पस्तीस, शहराबाहेरून आलेली.
आठच्या आत पाठव, सर्व्हर बंद होतो.
मी रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं.
मग माझ्याच लक्षात आलं.

वय एकतीस. मूळ गाव नवापूर.
बडोद्यात चार वर्षं, तीन खोल्या,
दोन मालकांनी आडनाव ऐकून
भाडं वाढवलं होतं, ते कुठेच विचारलेलं नाही.
पाणी कमी आलं? हो. चिडलेय? हो.
सातवा मी मोठ्यानं वाचला, स्वतःला,
ट्रेनिंगमधल्या सपाट आवाजात.
शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला.
चारही पर्याय सांगून झाले.
नऊ मी वाचला नाही.
नियम तो नियम.
आठला चार मिनिटं कमी होती.

रविवारी सेव-उसळीच्या गाडीवर
हातातल्या कागदात आकडा दिसला :
शहर म्हणते, अडुसष्ट पूर्णांक चार टक्के.
तेलानं शहर हा शब्द पारदर्शक झाला होता,
मागची पेट्रोल पंपाची जाहिरात दिसत होती.
मी त्या चाराकडे बघत राहिले.
पूर्णांकाच्या पलीकडे, इतकं बारीक,
इतकं नक्की,
कोण बोललं होतं माझ्याशी?