दहावं मिनिट

पार्सल शनिवारी आलं, अर्धी शाळा सुटल्यावर.
पुस्तक एक, पैसे दोघींचे:
पवित्रा हुक्केरीचे वाढदिवसाचे दोनशे,
माझे मामानं गणपतीत दिलेले,
उरलेले तिच्या आईच्या डब्यातले, न विचारता.
आगाऊ पैसे भरले की फुकट मिळणार होते
दोन बिल्ले, चार स्टिकर, गोंड्याचा बुकमार्क,
गोष्टीतल्या शहराचा नकाशा
आणि एक कापडी पिशवी.

खरं सांगते, पुस्तक बाजूला ठेवून
आम्ही आधी फुकटचंच उघडलं.
चिकटपट्टी दातांनी तोडली.
नव्या बिल्ल्याला पत्र्याचा वास येतो,
पाटीवरच्या पहिल्या अक्षरासारखा तो
बोटाला थोडा वेळ राहतो.

गोष्ट अशा शहराची,
जिथं आकाश रेशनवर मिळतं.
माणशी नऊ मिनिटं, रोज.
खिडक्यांना पत्रे, गच्चीत शिपाई,
वेळ संपली की भोंगा.
आणि सोळा वर्षांची एक मुलगी
दहावं मिनिट चोरते.
एवढंच. एवढ्यावर साडेचारशे पानं,
आणि मी जेवताना, बसमध्ये, भूगोलाच्या आड.
पान एकशे अडतीसला मी रडले
तेव्हा घरात समजले, डोळे आलेत.

"काय वाचूलैस गे एवढं?"
बाबांना सांगितलं.
बाबा दुकानांचे बोर्ड रंगवतात,
वर कन्नड ठळक,
खाली मराठी मावेल तेवढी,
पट्टी लावून, मोजून.
ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत म्हणाले,
"नऊ मिनिटं मोजत कोण बसतंय?"
म्हटलं, खातं आहे, आकाश मोजणी खातं.
"म्हणजे नोकऱ्या तरी असतील की."

ऑक्टोबर संपत आला. एक तारीख जवळ.
एका गल्लीत लाल-पिवळ्या पताका चढतात,
दुसरीत काळ्या फिती कापून ठेवतात,
आणि शाळेत तपासतात
कुणाच्या छातीवर काय आहे.
बडिगेर सर आमच्यापाशी थांबले.
दोघींच्या खिशावर एकच बिल्ला:
काळ्यावर पांढरा, दहाचा आकडा.
"ही कुठली संघटना?"
आधी मला मराठीत,
मग तिला कन्नडमध्ये.
माझी जीभ टाळूला चिकटली.
पवित्रा म्हणाली,
"एसेसेल्सी, सर. दहावी. टार्गेट."

सर इतके खूश झाले
की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर म्हणाले,
असे बिल्ले सगळ्यांनीच करून घ्या.
पुस्तकातल्या बंडखोरांना
इतकं सोपं कधीच गेलं नाही.
त्यांच्यातले तिघं तर
दोनशेव्या पानाआधीच गेले.

पिशवी आईनं उचलली.
तिच्यावर त्या सरकारचं घोषवाक्य आहे, इंग्रजीत:
कमी बघा, सुखी राहा.
ती घेऊन आई खानापूरच्या बाजारात फिरते,
आतून रताळी डोकावतात, मातीसकट.
"शिलाई घट्ट आहे," म्हणते,
"अजून एखादं पुस्तक मागवा की."

नकाशावरून मात्र भांडलो.
तीन दिवस बोललो नाही, चौथ्या दिवशी
अर्धा-अर्धा महिना ठरला.
नकाशात तट जाड रेघेचा आहे,
तटाबाहेर कोरं, आणि बारीक अक्षरात
'इथं काही नाही'.
पवित्रानं तिथं पेन्सिलीनं खानापूर लिहिलं, कन्नडमध्ये.
मी शेजारी मराठीत.
मग नंदगड, जांबोटी, तिच्या आजोळचं गोकाक.
जागा पुष्कळ होती.
कुणाचं वर, कुणाचं खाली
हे आम्ही बघितलंच नाही,
म्हणजे मी बघितलं एकदा.

आता शेवटची चाळीस पानं.
ती एकटीनं वाचायची नाहीत, अशी शपथ आहे.
मलप्रभेच्या घाटावर, चौथ्या पायरीवर,
पुस्तक दोघींच्या गुडघ्यांवर,
डावं पान माझ्याकडे, उजवं तिच्याकडे.
ती माझ्याहून भरभर वाचते.
पानाच्या तळाशी पोचते
आणि बुकमार्कच्या गोंड्याशी खेळत बसते.
पलीकडे कुणी गोधड्या आपटतंय.
वर बघायचं आम्हाला सुचत नाही.

"पालटू?"
"थांब गे. स्वल्प."