उसनं लोखंड

दवाखान्याच्या खिडकीत पहिला प्रश्न
माझ्या डोळ्यांना विचारतात :
किती पितोस?
पाणी, सर. दिवसाला तीन लिटर.
कमी झालं की हाडांत कुणीतरी
पाचर ठोकत बसतं रात्रभर.

मग मी लाल कार्ड काढतो.
आईचं पिवळं, बाबांचं पिवळं,
दोन पिवळ्यांचं मिळून माझं लाल.
आमच्या चंद्रपुराकडं हे कार्ड
गावातल्या आशाताईलाही वाचता येतं.
इथं ते उलटसुलट करून बघतात,
रेशनचं असावं तसं.

घरी आई टॉर्च मारते. काहून रे,
डोये पिवये दिसून रायले आज?
मी म्हणतो, बल्ब पिवळा आहे.
ती बल्बकडं बघत नाही.

बाबा शिरोलीत भट्टीवर.
कानाच्या पाळीमागं मोल्डिंगची काळी वाळू,
ती रविवारीही जात नाही.
एमआरआयच्या फिल्मवर माझं यकृत
अगदी तसल्या काळ्या रंगाचं निघालं.
डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे लोखंड.
पिशवीतून रक्त येतं, रक्तातून लोखंड येतं,
शरीराला ते आत घ्यायची वाट ठाऊक आहे,
बाहेर टाकायची नाही.
यकृत बिचारं ठेवून घेतं. सगळं. विसाव्या वर्षी भरलं.

बाबांनी एकच विचारलं :
वजनात किती?
त्रेसष्ट पिशव्या झाल्या, मॅडमनी बोटांवर हिशोब केला,
असेल तेरा-चौदा ग्रॅम.

पाळीला टनांनी ओतणारा माणूस
पंचगंगेचा पूल येईपर्यंत बोलला नाही.
घरी आल्यावर हत्यारांच्या डब्यातनं
चार इंची खिळा काढून
तळहातावर तोलत राहिला.
एवढंच?

पिशवीवर नाव नसतं. नंबर असतो, गट असतो, तारीख असते.
थेंब मोजता मोजता मी नावं ठेवतो.
ही गंगावेशीत म्हैस पिळून देणाऱ्याची,
पडते पण घाईत.
ही सुभाषनगरातल्या चपलेच्या कारागिराची.
ही कुणा पोरीची असेल, परीक्षा संपल्यावर
मैत्रिणीसोबत शिबिराला गेलेली,
बिस्किटाचा पुडा मिळतो म्हणून.
एक तर नक्की अवधूत साळोखेची.
तोच म्हणतो तसं. तालमीत वर्षातनं तीनदा
हात पुढं करतो आणि मला दम देतो,
आत माझं रगात हाय लगा,
निदान पायऱ्या तरी न थांबता चढ.

मी थांबत थांबत चढतो.
कॉलेजात अजून मला 'बाहेरचा' म्हणतात,
माझं 'काहून' ऐकून हसतात.
हसू देत.
तुमच्या गावातली त्रेसष्ट माणसं
माझ्या उजव्या बरगडीखाली मुक्कामाला आहेत,
जायचं नावच घेत नाहीत.

आता सकाळी उपाशीपोटी
ग्लासभर पाण्यात गोळी विरघळवतो.
चव पाटीवरच्या खडूची.
बाबा समोर बसून बघतात.
चौदाशे डिग्रीला वितळताना पाहिलंय त्यांनी हे,
ठिणग्यांनी, आरोळ्यांनी, घामानं,
आणि इथं चमचा फिरतोय, किणकिण,
शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतका.

महिन्याला फेरिटिनचा आकडा येतो.
चार हजार एकशे बारा.
चार हजार तीनशे.
(त्या महिन्यात मी गोळ्या गटारात ओतल्या होत्या.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.)
मग तीन हजार नऊशे चाळीस.

त्या संध्याकाळी बाबांनी पेपर अंथरला,
खिळा पकडीत धरला,
कानस घेतली आणि दोनदा ओढली.
फक्त दोनदा.
हातानं चाचपून पाहिलं. पुन्हा डब्यात.

कीस इतका बारीक होता
की फुंकर मारली असती तर गेला असता.
आईनं ओल्या फडक्यानं पुसून घेतला,
म्हणाली, पोराच्या पायात जाईल.